चिकाचा हलवा

चैत्र-वैशाखात खानदेशातल्या ज्या घरी कुरडयांचा घाट घातलेला असतो, ते घर गल्लीच्या तोंडाशीच वासावरून ओळखू येते. तीन दिवस पाण्यात राहून आंबलेल्या गव्हाचा तो वास सुगंध म्हणावा असा मुळीच नाही. परगावच्या पाहुण्याला तो बहुधा नकोसाच वाटतो. आम्हां दोघांना मात्र तो आला की भूक लागते. लोकवन गहू निवडून भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचे, आणि दाणा बोटांत दाबल्यावर आतून दूध फुटू लागले की तो वाटायचा. पूर्वी पाट्यावर, आता गल्लीतल्या यंत्रावर. चोथा पिळून, फडक्यातून गाळून ते दूध रात्रभर निवळत ठेवायचे. सकाळी वरचे पिवळसर पाणी हलक्या हाताने ओतून दिले की तळाशी जो पांढराशुभ्र जड थर बसलेला दिसतो, तो चीक. मग आधण, मीठ, आणि एकीने ओतायचे नि दुसरीने न थांबता घोटायचे. सोऱ्या धाब्यावर जाण्याआधी या शिजलेल्या चिकाची एकेक वाटी घरातल्या पोरांच्या हाती पडते. कोणी त्यावर शेंगदाण्याचे कच्चे तेल घेतो, कोणी तूप-साखर. आखाजीला खापराच्या मांड्यांबरोबर आणि आमरसाबरोबर तळलेली कुरडई पानात येते ती सर्वांसाठी. चीक मात्र घरच्यांसाठीच असतो. तो विकत मिळत नाही, पाहुण्याला मुद्दाम करून घालत नाहीत, आणि पाककृतींच्या पुस्तकांत त्याला बहुधा स्वतंत्र जागा नसते. कुरडईच्या कृतीतली ती एक मधली पायरी असते, एवढेच.

या मधल्या पायरीवर लिहायला आम्ही बसलो, त्याला कारण एका परक्या धर्माचा सण झाला. परक्या म्हणण्याचा आम्हांला कितपत अधिकार आहे हे पुढे येईलच.

आमच्यापैकी एकीचे बालपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेले, दुसऱ्याचे धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यात. एक जळगावला शिकवते, दुसरा धुळ्याला. मराठी हाच दोघांचा विषय. लग्नाला अठरा वर्षे झाली आणि पारोळा-एरंडोलवरून दर आठवड्याला ये-जा करता करता आठवणींची वाटणी करणे कठीण होऊन बसले आहे. म्हणून पुढची हकीकत एकीची असली तरी आम्ही येथे ‘आम्ही’च म्हणतो.

१९८९ साल. घटस्थापनेच्या सुमाराची गोष्ट. क्वार्टर्सच्या आमच्याच ओळीत शेवटच्या घरात एक कुटुंब राहायला आले होते. काका रेल्वेत, मावशी घरीच. आडनावाच्या शेवटी ‘कर’, बोलणे कोकणी वळणाचे पण स्वच्छ मराठी, कपाळाला मात्र कुंकू नाही, आणि दाराच्या चौकटीवर उजव्या बाजूला तिरपी ठोकलेली एक लहानशी डबी. ते आत-बाहेर जाताना त्या डबीला बोटे लावून ओठांना लावीत. आमच्या ओळीने त्यांना आधी ख्रिस्ती ठरवले, मग मुसलमान, आणि शेवटी ‘ते काहीतरी वेगळेच’ असे म्हणून विषय संपवला. त्या दिवशी संध्याकाळी मावशी पितळी थाळी घेऊन दारात उभ्या राहिल्या. थाळीत लालसर गुलाबी, काचेसारख्या झळकणाऱ्या, शंकरपाळ्याच्या आकारात कापलेल्या वड्या. “आमचा नव्याचा सण आहे,” त्या म्हणाल्या. “हलवा केलाय.”

आजीने थाळी घेतली. “आमचा उपास आहे माय,” एवढेच ती म्हणाली, आणि ते खरेही होते. तिचे नवरात्राचे नऊ दिवसांचे उपास कडक असत. पण आम्हां मुलांना कसला उपास? मावशी गेल्यावर आजीने थाळी ओट्यावर ठेवली आणि आम्ही हात पुढे केला तेव्हा तिने नुसते पाहिले. घरात त्यावर एक शब्द झाला नाही. रात्री हलवा मागच्या अंगणात गायीपुढे गेला. सकाळी आईने थाळी घासून, रिकामी कशी द्यायची म्हणून तिच्यात मूठभर साखर घालून आमच्या हाती पाठवली.

मावशींनी विचारले, “कसा झाला होता?”

आम्ही म्हणालो, “छान झाला होता.”

दहाव्या वर्षी माणूस किती सराईतपणे खोटे बोलू शकतो याचे आम्हांला आजही आश्चर्य वाटते. मावशी इतक्या खूश झाल्या की आत जाऊन आणखी एक वडी घेऊन आल्या आणि “इथेच खा” म्हणाल्या. ती तोंडात टाकली. प्रथम नारळ लागला, मग साखर, मग वेलदोडा; आणि ते सगळे विरघळून गेल्यावर जिभेवर मागे राहिले ते ओळखीचे होते. तो गुळगुळीत, किंचित आंबूस तळ आम्ही वैशाखातच चाखलेला होता. “हा तर कुरडईचा चीक!” आम्ही ओरडलो. “मग? चीकच तो,” मावशी हसून म्हणाल्या. “चिकाचा हलवा.”

ही गोष्ट घरी सांगता येण्यासारखी नव्हती. पुढची दोन वर्षे थाळी येत राहिली, गाय हलवा खात राहिली, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी साखर घेऊन जात राहिलो. मग काकांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि ते कुटुंब इस्राएलला निघून गेले.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी आम्हांला कळले की ती मंडळी कोण होती. ‘बेने इस्राएल’ हा शब्द आम्ही मराठीचे एम.ए. होईपर्यंत ऐकला नव्हता, याची खंत सांगायची तर ती स्वतःबद्दलच सांगावी लागेल. निसिम इझिकेल आमच्या महाविद्यालयात शिकवले जात ते इंग्रजी विभागात. त्यांचे घर मराठीभाषक बेने इस्राएलांचे, आणि त्यांनी वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कवितांचे इंग्रजी भाषांतर करून पुस्तक प्रसिद्ध केले, ही माहिती मराठी विभागापर्यंतचे वीस पावलांचे अंतर कधी ओलांडू शकली नाही. आम्हीही ती ओलांडायला गेलो नाही.

या समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेली सात पुरुष आणि सात स्त्रिया. बुडालेल्यांना पुरले ती जागा नवगावला आजही दाखवतात. वाचलेले कुलाब्याच्या गावागावांत पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले. किहीमचे किहीमकर, अष्टमीचे अष्टमकर, झिराडचे झिराडकर, पेणचे पेणकर. ग्रंथ गेले, हिब्रू गेली. राहिले ते शनिवार पाळणे, सुंता, ‘शेमा’ची प्रार्थना आणि स्वयंपाकघरातले काही नियम. त्यांच्यातच एक कथा आहे: डेव्हिड रहाबी नावाचा कोणी बाहेरचा यहुदी आला, आणि हे लोक खरोखर यहुदी आहेत का हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे टाकले. त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढे वेचून घेतले, बाकीचे बाजूला सारले. रहाबीला खात्री पटली. कथेच्या ऐतिहासिकतेचा वाद अभ्यासकांवर सोपवू. आम्हांला तिच्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पुरुषांना कोणी धर्मशास्त्र विचारले नाही, कारण विचारून उपयोग नव्हता. परीक्षा झाली ती चुलीपाशी.

हायम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला (तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला). त्यात या मंडळींच्या जुन्या सणांची मराठी नावे येतात, आणि मराठीच्या माणसाने ती सावकाश वाचावीत अशी आहेत. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. त्यानंतर थोड्याच दिवसांनी खिरीचा सण, नव्या धान्याची नारळाच्या दुधातली खीर करायची म्हणून. प्रायश्चित्ताचा महान दिवस, ज्याला सारे यहुदी जग योम किप्पूर म्हणते, तो यांचा दार लावून घेण्याचा सण. दुसरा दिवस शिळा सण. पूरिमला होळीचा सण. वल्हांडणाला अनशी झाकण्याचा सण. अनशी म्हणजे आंबट कालवणाचे मडके, ते काही दिवस झाकून ठेवायचे. आणि यरुशलेमचे मंदिर पडले त्या शोकाच्या दिवशी मोड आलेल्या वालांचे बिरडे खायचे, म्हणून बिरड्याचा सण.

मंदिर पडल्याचे दुःख बिरड्याच्या नावाने पाळणारी माणसे ही केवळ ‘विस्मरणा’ची उदाहरणे म्हणून इतिहासात नोंदवली जातात, तेव्हा आमच्यातला मराठीचा मास्तर अस्वस्थ होतो. विस्मरण झाले हे खरेच. तो दिवस कशाचा हे पुष्कळांना सांगता आले नसते. पण दिवस चुकला नाही. दिवस कधीचा हे सांगणारा ग्रंथ हाताशी नसताना तो दिवस शतकानुशतके ज्या खुणेवर टिकला, ती खूण एका भांड्यात होती. आपल्याकडेही सणाचे शास्त्र विचारले तर किती जणींना सांगता येईल? आखाजी म्हणजे काय असे विचारले तर आमच्या आजीने घागर, मांडे आणि माहेर हेच सांगितले असते.

पंचांगाचेही येथे सांगायला हवे. यहुदी महिने आपल्यासारखेच चंद्राचे, आणि सूर्याशी जुळवून घेण्यासाठी त्यांतही अधिक महिना धरतात. त्यामुळे त्यांचे नवे वर्ष पुष्कळदा भाद्रपदी अमावस्येला लागूनच, म्हणजे घटस्थापनेच्या आगेमागे येते. २०२५ साली घट बसले २२ सप्टेंबरला आणि त्याच सूर्यास्ताला त्यांचे वर्ष सुरू झाले. पूरिम फाल्गुनी पौर्णिमेच्या जवळ पडतो, म्हणून होळीचा सण; त्या दिवशी या घरांत पुरणपोळीही होई. अधिक मासांचे वेळापत्रक दोन्हीकडे सारखे नसल्यामुळे एखाद्या वर्षी, जसे २०२३ मध्ये झाले, महिन्याचे अंतर पडते. आजीचा उपास आणि मावशींचा हलवा १९८९ मध्ये एकाच संध्याकाळी समोरासमोर आले यात म्हणूनच फारसा योगायोग नव्हता.

आता हलवा. कृती म्हणाल तर अर्धी आमचीच आहे. गहू भिजवा, वाटा, गाळा, निवळा. येथवर खानदेश आणि अष्टागर हातात हात घालून चालतात, आणि मग चिकाचा रस्ता फुटतो. आम्ही त्यात मीठ घालून त्याला उन्हाकडे पाठवतो, वर्षभराच्या साठवणीसाठी. ते त्यात नारळाचे दूध आणि साखर घालून त्याला विस्तवावर धरतात, त्या एका सणासाठी. गायी-म्हशीचे दूध का नाही, याचे उत्तर केवळ कोकणात नारळ मुबलक हे नव्हे. मांस आणि दूध एका जेवणात आणायचे नाही हा त्यांचा नियम, आणि सणाच्या जेवणात मटण असणारच. त्यानंतर गोड खायचे तर ते दुधाचे चालत नाही. नारळाचे दूध हे दूध नव्हे, त्यामुळे धर्मही राहिला आणि गोडही झाले. चिकाऐवजी चायना ग्रास किंवा कॉर्नफ्लोअर वापरण्याची सोय नंतर आली. वेळ वाचतो, वड्याही देखण्या पडतात. पण तिच्यात तीन दिवसांचा तो आंबूसपणा कोठून येणार?

चीक हा शब्दही मोठा गमतीचा आहे. रुईचा चीक, उंबराचा चीक, नुकत्याच व्यालेल्या गायीचा चीक, ज्याचा खरवस होतो, आणि गव्हाचा चीक. जे आतून पाझरते आणि बोटाला धरून ठेवते ते सगळे मराठीत चीक. उर्दूत गव्हाच्या याच सत्त्वाला निशास्ता म्हणतात, शब्द फारसी. मलिद्याचेही तसेच. बेने इस्राएल नवस फेडताना एलियाहू हन्नाबीच्या नावाने भिजवलेले पोहे, गूळ, ओला नारळ आणि फळे यांचा मलिदा करतात. आमच्याकडे पीराच्या उरुसात पोळी चुरून गुळाचा मलिदा करतात. आणि सरकारी कचेऱ्यांत जो मलिदा खाल्ला जातो त्याची कृती वाचकांना ठाऊक आहेच. असो.

आमची या विषयाकडची ओढ वाढली ती एस्थर डेव्हिड यांच्या ‘द बुक ऑफ रेचल’ या कादंबरीमुळे. अलिबागजवळच्या किनाऱ्यावर एकटी उरलेली एक बेने इस्राएल म्हातारी आणि गावातले ओस पडलेले प्रार्थनामंदिर हा तिचा विषय, आणि तिच्यातली प्रकरणे पाककृतींनी उघडतात. २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, इंग्रजीसाठी. कादंबरी वाचताना आम्हांला वारंवार वाटत राहिले की इंग्रजीखाली मराठी वाहते आहे. बिरडे, पोहे, हलवा हे शब्द येताच वाक्य सैल होते, घरी आल्यासारखे बसते. हेच पुस्तक मराठीत लिहिले गेले असते तर? प्रश्न अर्थात निरर्थक आहे, कारण लेखिका वाढली अहमदाबादेत. तरीही मराठीत या समाजाने काही लिहिलेच नाही असे मात्र नाही. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा मराठी अर्थासह मुंबईत १८४६ सालीच छापली गेली होती, आणि १८७४ च्या पुण्याच्या हगादेतल्या चित्रांत नऊवारी नेसलेल्या बायका बेखमीर रोट्या करताना दिसतात. मिसर देशातून सुटकेची कथा, आणि रोट्या लाटणारीचा काष्टा! अब्राहामाच्या चरित्रावर टाळ-मृदंगाच्या वळणाची मराठी कीर्तनेही या लोकांनी केली. इस्राएलमध्ये गेल्यावर ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. एवढे सगळे असताना मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या आमच्या वीस वर्षांच्या टिपणवह्यांत या समाजावर एक ओळ नाही. वह्या आमच्याच हस्ताक्षरातल्या आहेत.

गेल्या वर्षी, ३६ वर्षांनी, आम्ही हलवा करायला घेतला. गहू एक किलो, नारळ चार. धुळ्याच्या बाजारात चार ओले नारळ मागितले तेव्हा दुकानदाराने “कुठल्या देवाला जायचंय?” असे विचारले. आमच्याकडे नारळ हा फोडायचा असतो. ओल्या खोबऱ्याचे दूध काढणे ही चैन. सुके खोबरे आम्ही भाजून काळ्या मसाल्यात घालतो तेवढेच. चीक सुरेख पडला, कारण तेथे हात सराईत होता. पुढे मात्र आमची भंबेरी उडाली. चीक आणि नारळाचे दूध एकत्र करून विस्तवावर चढवले की पहिली वीस मिनिटे काही होत नाही, आणि मग एका क्षणी चाटू जड होतो, जणू कोणी आतून धरला आहे. त्यानंतर हात थांबता कामा नये. कुरडईचा चीक काही मिनिटांत शिजतो. हा दोन तास घोटून घेतो. आम्ही आळीपाळीने घोटले. पहिल्या खेपेस घाई केली, भांड्याची कड सुटण्याआधीच थाळीत ओतले आणि गुलाबी खळ मिळाली. पतंगाला उपयोगी पडली असती. दुसऱ्या रविवारी पुन्हा. या वेळी मिश्रण भांडे सोडून चाटूभोवती गोळा होईपर्यंत धीर धरला. थाळीला हात लावून पाहिला तेव्हा मावशींच्या दंडाची आठवण झाली. त्या सणाच्या दिवशी उजवा हात चोळत असत.

वड्या पडल्या. थोड्या वेड्यावाकड्या, पण झळकणाऱ्या. आम्ही त्या डब्यात घालून भुसावळला आईकडे नेल्या. आजी जाऊन आता बावीस वर्षे झाली. आई ७८ वर्षांची आहे. डबा उघडून तिच्यापुढे धरला आणि काही न बोलता थांबलो. थोडी परीक्षा पाहण्याचाच आमचा विचार होता. तिने एक वडी उचलली, उजेडाकडे धरून पाहिली.

“शेवटच्या घरातला हलवा,” ती म्हणाली.

आम्ही चकित झालो. तिने तर तो कधी खाल्ला नव्हता. थाळी ओट्यावरून अंगणात जाताना आम्ही स्वतः पाहिली होती.

“तुझी आजी घटापुढे बसलेली असायची ना,” आई वडीचा तुकडा तोडत म्हणाली, “तेव्हा एक वडी काढून ठेवायची मी. तिन्ही वर्षं. बाकीच्या गायीला.”

“मग आम्हांला का नाही दिलीस?”

तिने उत्तर दिले नाही. तुकडा तोंडात ठेवून ती बराच वेळ गप्प बसली. आम्हांला वाटले, आता काही सांगेल. मावशी कोठे गेल्या, पुढे त्यांचे काय झाले, असे काहीतरी विचारील. तिने दुसरी वडी घेतली आणि बोटांत दाबून पाहिली.

“गहू अजून एक दिवस भिजायला हवा होता,” ती म्हणाली. “त्यांचा याहून आंबूस असायचा.”